आपला तो बाब्या

माझ्या भाच्याची सोडमुंज 1996 सालच्या मे महिन्यात कराडला झाली, तेव्हा आठ वर्षांचा तो मुलगा एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन काशीला निघाला, आणि रीतीप्रमाणे मी, त्याचा मामा, मांडवाच्या दारात त्याला आडवा गेलो. काशीला जाऊ नकोस, माझी मुलगी तुला देतो, असे मामाने म्हणायचे असते, मी म्हणालो. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती आणि कुणाच्या तरी मांडीवर झोपली होती. सगळे हसले, बटू लाजून परत फिरला, फोटो निघाला. माझ्या आईने मात्र तो प्रसंग निव्वळ गमतीत घेतला नव्हता. आमच्याकडे मामाची मुलगी चालते, आणि पुढे कितीतरी वर्षे ती दोन्ही मुले एकत्र दिसली की, "शब्द दिला आहेस हो," असे आई मला बजावत असे.

सतरा वर्षांनी, 2013 च्या डिसेंबरातल्या एका शनिवारी, तोच मुलगा बंगळूरहून रजेवर आला होता आणि मीही साताऱ्याहून ताईकडे गेलो होतो. संध्याकाळी आम्ही दोघे प्रीतिसंगमावर फिरायला गेलो. (कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन भेटतात त्या जागेचे हे नाव कराडमध्ये सर्वांच्या तोंडी आहे, या लेखासाठी मी ते बेतून आणलेले नाही.) त्याच आठवड्यात बुधवारी, 11 तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम 377 पुन्हा जसेच्या तसे लागू केले होते. प्रौढ माणसांच्या संमतीच्या खासगी संबंधांना त्या कलमातून वगळणारा दिल्ली उच्च न्यायालयाचा 2009 चा निकाल रद्द झाला होता. तो निकाल देणाऱ्या खंडपीठावरचे मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा हे मूळचे सोलापूरचे, एवढेच काय ते मला त्या प्रकरणातले जवळचे वाटलेले होते. बातमी मी वाचली होती आणि पान उलटले होते.

"मामा, परवाची ती बातमी वाचलीस का?" त्याने विचारले. कुठली, असे मी विचारल्यावर तो म्हणाला, "377 ची." मग पाण्याकडे बघत, जराही आवाज न चढवता तो म्हणाला, "मी त्यातला आहे."

त्यावर मी जे बोललो ते इथे लिहिल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही. मी विचारले, "डॉक्टरला दाखवलंस का?" तो हसला नाही आणि रागावलाही नाही. "कशासाठी दाखवू? मला काही होत नाही रे," एवढेच तो म्हणाला, आणि आम्ही घाटाच्या पायऱ्या चढून भेळ खायला गेलो.

मी विज्ञानाचा शिक्षक होतो. 1985 पासून 2019 साली निवृत्त होईपर्यंत दरवर्षी मी प्रजननाचा धडा शिकवला, आणि तो टाळून पुढचा धडा घेणाऱ्या शिक्षकांपैकी मी नव्हतो, याचा मला थोडा अभिमानही होता. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकतेला विकारांच्या यादीतून 1973 साली वगळले, म्हणजे मी शाळेत विद्यार्थी म्हणून बसत होतो तेव्हाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतून ती 1990 च्या मे महिन्यात गेली, तेव्हा मला नोकरी लागून पाच वर्षे झाली होती. ही माहिती मी कुठेतरी वाचलेली होती. तरीही आपल्याच घरातला मुलगा समोर उभा राहिल्यावर माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो डॉक्टरचा. परीक्षेत न येणारी माहिती विद्यार्थ्यांच्या डोक्यात जशी एका बाजूला पडून राहते, तशी ती माझ्याही डोक्यात पडून होती, आणि तिचा माझ्या मतांशी काहीएक संबंध आलेला नव्हता.

मते म्हणजे तरी काय होती? एक शब्द होता, 'तसला'. आपल्या भाषेत 'तसा' आणि 'तसला' यांत एका अक्षराचे अंतर आहे आणि सगळा तिरस्कार त्या एका अक्षरात राहतो. 'तो तसा आहे' यात निदान वर्णन असते; 'तो तसला आहे' असे म्हटले की नाक मुरडले जाते. याहून वाईट शब्द आमच्या शाळेच्या मैदानावर रोज ऐकू येत, आणि मला वाटायचे की ती मुलांची भाषा आहे, शिक्षकाची नव्हे. त्या रात्री ताईच्या घरी गच्चीवर झोप न येता पडलो असताना आठवले की तसे नव्हते. 1994 च्या सुमारास नववीच्या एका वर्गात एक मुलगा होता. हात हलवत बोलायचा, स्नेहसंमेलनात त्याने गौळणीचे काम अप्रतिम केले होते, आणि मुले त्याला 'बायल्या' म्हणत. एकदा लिंगनिश्चितीची गुणसूत्रे शिकवताना मी फळ्यावर एक्स-एक्स आणि एक्स-वाय लिहिले आणि त्याच्याकडे बघून म्हणालो, "याचं काय ते नंतर बघू." वर्ग फुटला. तोही हसला, कारण न हसून त्याला चालणार नव्हते. दहावीला तो आमच्या शाळेत नव्हता.

तो समलिंगी होता की नाही, हे मला माहीत नाही. वागण्यातला नाजूकपणा आणि समलैंगिकता यांचा संबंध असतोच असे नाही, हे आता मला कळते. पण गेली वीस वर्षे तो प्रसंग माझ्या लेखी एक यशस्वी विनोद होता, आणि भाच्याच्या तीन शब्दांनंतर तो एका रात्रीत दुसरेच काही होऊन बसला. अनुभवाने माणूस बदलतो, असे आपण सहज म्हणतो तेव्हा आपल्याला पुढचा माणूस बदलणे अभिप्रेत असते. माझ्या बाबतीत आधी मागचे बदलले. ज्या गोष्टी घडून गेल्या होत्या आणि ज्यांचा हिशेब मिटला आहे असे मी समजत होतो, त्या पुन्हा उघडल्या, आणि त्यांतल्या पुष्कळशा गोष्टींत मी हसणाऱ्यांच्या बाजूला बसलेला दिसलो.

गंमत अशी की, आमच्या स्टाफरूममध्ये र. धों. कर्व्यांची तसबीर लावावी यासाठी मीच एकदा आग्रह धरला होता. संततिनियमनासाठी झिजलेला गणिताचा प्राध्यापक, म्हणून ते मला पूज्य होते. त्यांनी 1927 साली सुरू केलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर 1934 साली वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला, तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांच्या बाजूने लढवला, आणि त्या वादग्रस्त प्रश्नोत्तरांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. कर्वे तो खटला हरले आणि त्यांना दंड झाला. हे सारे मला ठाऊक होते, मुलांना मी ते सांगतही असे, फक्त त्या प्रश्नांतला तो एक प्रश्न सांगायचे गाळत असे. मराठीत हा विषय नव्वद वर्षांपूर्वी निघालेला होता. तो माझ्यापर्यंत पोचायला घरातलाच मुलगा लागला.

याच काळात एका अमेरिकी न्यायाधीशाची हकीगत माझ्या वाचनात आली आणि ती मनातून जात नाही. अटलांटा शहरात 1982 साली पोलिसांनी मायकल हार्डविक नावाच्या तरुणाला त्याच्या स्वतःच्या झोपण्याच्या खोलीत, दुसऱ्या पुरुषाबरोबर असताना अटक केली. अशा संबंधांना गुन्हा ठरवणारा जॉर्जिया राज्याचा कायदा घटनेत बसतो का, हा प्रश्न 1986 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. नऊ न्यायाधीशांपैकी लुईस पॉवेल यांचे मत निर्णायक ठरणार होते. ते आधी हार्डविकच्या बाजूला झुकले, मग उलटले, आणि पाच विरुद्ध चार मतांनी कायदा टिकला. त्या दिवसांत पॉवेल यांनी आपल्या हाताखालच्या एका तरुण सहायकाजवळ बोलून दाखवले की, आपल्याला आयुष्यात कधी समलिंगी माणूस भेटल्याचे आठवत नाही. तो सहायक स्वतः समलिंगी होता. तो बोलला नाही. निवृत्तीनंतर, 1990 साली, पॉवेल यांनी विद्यार्थ्यांसमोर कबूल केले की त्या खटल्यात बहुधा आपली चूक झाली. आणि तो निकाल प्रत्यक्षात फिरायला 2003 साल उजाडावे लागले.

या हकीगतीचा अर्थ लावताना लोक सहसा त्या सहायकावर हळहळतात, की बोलला असता तर बरे झाले असते. मला तसे वाटत नाही. ज्या माणसाच्या हातात निकाल आहे, त्याच्यापुढे आपले सगळे आयुष्य उघडे करून 'बघा, मी आहे' असे सांगण्याची जबाबदारी त्या तरुणावर कुणी आणि का टाकावी? माझ्या भाच्याने कितीतरी वर्षे आमच्या ताटाला ताट लावून जेवण केले, माझ्याकडून सूक्ष्मदर्शकातून पॅरामेशियम बघायला शिकला, माझे विनोद ऐकले. त्या सगळ्या वर्षांत कुणी विचारले असते तर मीही पॉवेल यांच्यासारखेच, पूर्ण प्रामाणिकपणे सांगितले असते की अशा माणसाशी माझी ओळख नाही. अनुभव नव्हता असे नव्हे. अनुभव रोज पंगतीला बसत होता. मी त्याला बोलता येईल अशी जागा ठेवली नव्हती.

भाच्याने ताईला सांगितले ते आणखी दोन महिन्यांनी, आणि तेही मी शेजारी बसलेला असताना. ताई रडली. मग ज्या आया अशा वेळी विचारतात ते सगळे तिने विचारले: माझे काय चुकले, कुणाच्या संगतीने झाले, दोनाचे चार हात केले तर सुधारेल का. मी विज्ञान सांगितले, जे सांगण्याचा नैतिक अधिकार मला नव्हता, आणि त्याचा तिच्यावर काडीचाही परिणाम झाला नाही. परिणाम झाला तो एका वेगळ्याच माहितीचा. 377 च्या खटल्यात समलिंगी मुलांचे आईबाप स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले होते, मिना सरन आणि आणखी अठरा जण, आणि त्यांची बाजू फली नरिमन यांनी मांडली होती. त्या पालकांत आपल्या मराठी रंगभूमीवरच्या चित्रा पालेकर होत्या, ज्यांनी आपल्या मुलीविषयी उघडपणे लिहिले आणि बोलले आहे. "एकोणीस आईबाप?" ताईने विचारले. "कोर्टात? नावानिशी?" ती संख्या तिने मनातल्या मनात बराच वेळ फिरवली असावी. त्याच सुमारास न्यायमूर्ती लीला सेठ यांचा लेख आला होता. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशपदी 1991 साली नेमल्या गेलेल्या, म्हणजे देशातल्या कुठल्याही उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश असलेल्या या बाईंनी वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, आपला थोरला मुलगा विक्रम सेठ हा आता कायद्याने गुन्हेगार ठरतो, असे आई म्हणून लिहिले होते. मी तो लेख ताईला मराठी करून वाचून दाखवला. कायद्याचा भाग तिने ऐकून सोडून दिला. "थोरला म्हणजे पहिलाच की," असे म्हणून ती उठली आणि मुलाला फोन लावला. पहिलेपणाचे काय विशेष, ते मला कळले नाही. बहुधा आयांना कळत असावे.

भावोजींचे तसे झाले नाही. तेच घर, तोच मुलगा, तीच बातमी. पण त्यांनी विषय काढला नाही आणि काढू दिला नाही. 2017 पर्यंत ते वधूवर सूचक मंडळात दरवर्षी नोंदणीचे नूतनीकरण करत राहिले. अनुभवाने दृष्टी बदलते हे म्हणणे मला म्हणूनच अर्धवट वाटते. पुढे भाच्याचा जोडीदार, लातूरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला, त्याच्याच कचेरीतला मुलगा, 'मित्र' म्हणून कराडला येऊ लागला. भावोजींच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले तेव्हा त्यांना मिरजेला नेण्या-आणण्याचे काम त्यानेच केले. भावोजी त्याला नावाने हाक मारत नसत. दिवाळी जवळ आली की ताईला विचारत, "तो कधी येणार आहे?" कोण तो, हे कुणी विचारत नसे. माझी आई आयुष्यभर माझ्या वडिलांना 'हे' म्हणत होती आणि उखाण्याशिवाय तिने त्यांचे नाव घेतले नाही. आपल्याकडे नाव न घेणे म्हणजे नाते नाकारणे असतेच असे नाही. भावोजींचे नेमके काय होते ते सांगता येणार नाही. 2020 साली ते गेले, आणि त्यांचे मत काय होते ते त्यांच्याबरोबर गेले.

माझ्याही बदलण्याचे फार कौतुक करण्यात अर्थ नाही. पुढली तीन-चार वर्षे माझी भूमिका ही होती की, आमचा मुलगा वेगळा. तो शिकलेला, चांगल्या नोकरीतला, नाकासमोर चालणारा. तो पुण्याच्या अभिमान पदयात्रेला जातो असे कळले तेव्हा मी त्याला म्हणालो की, हे सगळे रस्त्यावर कशाला आणायचे, तुमचे तुम्ही घरात सुखाने राहा. तो शांतपणे म्हणाला, "मामा, 377 घरातच लागतं." हार्डविकची हकीगत मला पाठ असूनही हे मला सुचले नव्हते. कोलकात्यात 1999 च्या जुलैत देशातली अशी पहिली पदयात्रा निघाली तेव्हा तीत पंधरा माणसे होती, हेही त्यानेच मला सांगितले. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण आपण शेजाऱ्यांच्या मुलांवरून वापरतो. माझी सगळी उदारता त्या म्हणीतल्या पहिल्या अर्ध्यात मावत होती. शाळेतला तो गौळणीचे काम करणारा मुलगा दुसऱ्या अर्ध्यात होता, आणि सिग्नलवर टाळी वाजवत येणाऱ्यांना बघून रिक्षाची काच नाही म्हणून चरफडणारा मीही तोच होतो. जवळच्या माणसामुळे आलेली समज त्या माणसापुरती थांबण्याचा धोका असतो. तिला उंबरठा ओलांडायला लावणे हे निराळे काम आहे आणि ते आपोआप होत नाही.

आणि मग अक्का. अक्का म्हणजे माझी चुलत बहीण. 1988 साली तिचे लग्न झाले, स्थळ उत्तम होते, माणूस सज्जन आणि अबोल होता. पहिल्या दोन वर्षांत तिला कळले की त्याला बायकांत रस नाही, आणि त्यापुढची बावीस वर्षे तिने तो संसार निभावला. मूल झाले नाही तेव्हा तपासण्या तिच्या झाल्या, उपवास तिने केले, वांझ हे विशेषण तिला लागले. नवऱ्याचे एक जुने मित्र दर गुरुवारी घरी येत आणि ती त्यांच्यासाठी चहा करत असे. हे तिने मला 2014 साली सांगितले, नवरा गेल्यानंतर, आणि तेही मी भाच्याची गोष्ट मोठ्या मोकळेपणाने तिला सांगायला गेलो म्हणून. माझे बोलणे मध्येच तोडून ती म्हणाली, "तुझं पुस्तकातलं राहू दे. मी त्यांच्यातल्या एकाबरोबर चोवीस वर्षं काढली आहेत."

या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. समलिंगी माणसाशी जवळची ओळख झाली की पूर्वग्रह गळून पडतात, या सिद्धान्तावर अक्काने बोट ठेवले होते. तिच्याइतकी जवळची ओळख आमच्या घराण्यात कुणाचीच नव्हती, आणि तिचे मत सर्वांत कडवट होते. तिचा अनुभव खोटा ठरवणे शक्य नव्हते. तो माझ्या अनुभवापेक्षा लांब, रोजचा आणि महाग होता. मी काही महिने तिच्याकडे गेलो नाही. गेलो तेव्हा विषय तिनेच काढला. म्हणाली, "सासूबाईंना माहीत होतं. लग्नाआधी. त्यांनी मला नंतर सांगितलं, मरायच्या आधी. म्हणाल्या, वाटलं होतं सुधारेल." मग बराच वेळ ती पोळ्या लाटत राहिली. "त्यांना विचारायला हवं होतं, की मी काय औषध होते?"

दोनाचे चार हात करून टाका, हा सल्ला आपल्याकडे कुणालाही, कशावरही दिला जातो. त्यातले दोन हात कुणाच्या तरी मुलीचे असतात.

कायद्याचा विषय निघाला की मला आता पॉवेल यांच्या शेजारी दुसरे एक न्यायाधीश आठवतात. 2021 साली मदुराईच्या दोन तरुणी घरच्यांपासून पळून चेन्नईला आल्या आणि त्यांनी मद्रास उच्च न्यायालयात संरक्षण मागितले. प्रकरण न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांच्यापुढे आले. त्यांनी आदेशातच लिहून ठेवले की, हा विषय आपल्याला पुरता समजलेला नाही, आणि आपले शब्द डोक्यातून न येता हृदयातून यावेत यासाठी निकालाआधी एका मानसतज्ज्ञ बाईंकडून आपल्याला तो समजून घ्यायचा आहे. त्याप्रमाणे ते शिकायला बसले, या समूहातल्या माणसांशी बोलले, आणि 7 जून 2021 च्या आदेशात त्यांनी आपल्या मनातले पूर्वग्रह कबूल करून, मानसतज्ज्ञ विद्या दिनकरन आणि पारलिंगी डॉक्टर त्रिनेत्रा यांना आपले गुरू म्हटले. समलिंगी माणसांना 'बरे' करण्याच्या उपचारांवर त्याच आदेशाने बंदी घातली. मला यात आवडते ते हे की, त्या न्यायाधीशांच्या घरात असे कुणी आहे म्हणून ते बदलले, असे काही घडलेले नाही. आपल्याला माहीत नाही हे पॉवेल यांनाही कळले होते आणि वेंकटेश यांनाही. एकाने मत दिले आणि दुसऱ्याने तारीख पुढे ढकलून विचारायला माणूस बोलावला. चौतीस वर्षे शिकवण्यात घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही दुसरी वाट मुळात सुचायला हवी होती. अनुभव घरात येण्याची वाट बघावी लागणे, ही मला माझी उणीव वाटते.

6 सप्टेंबर 2018 ला पाच न्यायाधीशांनी एकमताने 377 चा तो भाग रद्द केला तेव्हा मी मुद्दाम अक्काकडे गेलो. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी आपल्या निकालपत्रात म्हटले होते की, या समूहाच्या माणसांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना शतकानुशतके सोसाव्या लागलेल्या अवहेलनेचे निवारण व्हायला झालेल्या उशिराबद्दल इतिहासाने त्यांची क्षमा मागायला हवी. मी ते वाचून दाखवले. अक्काने चष्मा काढला आणि विचारले, "कुटुंबीय म्हणजे त्यात बायका येतात का?" मी म्हटले, येत असाव्यात. "असाव्यात नको," ती म्हणाली. "नीट वाच." मी पुन्हा वाचले. तिथे कुटुंबीय एवढेच होते.

2023 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, आणि त्यानंतर चार महिन्यांनी भाच्याने आणि त्याच्या जोडीदाराने पुण्यात घर घेतले. वास्तुशांतीला गुरुजी ताईच्या ओळखीतले, वयस्कर, कराडहून आलेले होते. त्यांनी मांडामांड केली आणि विचारले, यजमान कोण? भाचा पुढे झाला. "अविवाहित ना? मग कमरेला सुपारी लावू," असे म्हणून गुरुजींनी तबकातली सुपारी उचलली. बायको शेजारी नसेल तेव्हा तिच्या जागी सुपारी खोचून बसायची सोय आपल्या शास्त्राने फार पूर्वी करून ठेवलेली आहे. भाचा म्हणाला, "सुपारी नको, गुरुजी. आम्ही दोघं बसतो."

गुरुजींनी माझ्याकडे बघितले, कारण त्या खोलीत वयाने मोठा पुरुष मी होतो. सत्तावीस वर्षांपूर्वी मांडवाच्या दारात आडवा गेलो होतो तेव्हा म्हणायचे वाक्य ठरलेले होते. या वेळी तसे काही नव्हते. मी म्हणालो, "बसू दे त्यांना." माझी मुलगी, जिला मी एकदा देऊ केली होती, तिने आतून दुसरा पाट आणून पहिल्या पाटाला लावून मांडला. गुरुजींनी सुपारी तबकात परत ठेवली, पळी-पंचपात्र जवळ ओढले आणि संकल्पासाठी गोत्र विचारले. भाच्याने सांगितले. दुसऱ्याला माहीत नव्हते. त्यांच्या घरात कुणी कधी विचारलेच नव्हते. "माहीत नसेल तर काश्यप म्हणा," गुरुजी म्हणाले आणि दोन्ही गोत्रे घेऊन पुढे गेले.

अक्का आली नाही. आदल्या रात्री तिने फोनवर सांगितले होते, "त्या दोघांचं चांगलं होवो. पण मला तिथे बसवू नकोस." मी आग्रह केला नाही.